दिवा आणि हिशेबाची वही

दरवर्षी १२ मे उजाडला की आमच्या रुग्णालयात सकाळी एक टेबल मांडले जाई. त्यावर पांढरी चादर, चादरीवर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची तसबीर आणि तसबिरीला मोगऱ्याचा हार. पाहुणे दिवा लावत. आम्ही सगळ्या जणी हाती मेणबत्त्या धरून शपथ म्हणत असू. पाहुण्यांच्या भाषणात सेवा, त्याग आणि ममता हे तीन शब्द हटकून येत. रात्रपाळी करून थांबलेल्या मुली तिथेच उभ्या उभ्या पेंगत. कार्यक्रम अर्ध्या तासात आटोपावा लागे, कारण तिकडे वॉर्डात कुणाची ना कुणाची सलाईन संपत आलेली असे.

चौतीस वर्षे मी सरकारी नोकरीत परिचारिका होते. शेवटची अकरा वर्षे परिसेविका, म्हणजे लोक जिला वॉर्डातली मोठी सिस्टर म्हणतात ती. तसबिरीतल्या बाईंना मी अनेकदा हार घातला; पण त्यांनी नेमके काय केले, हे पहिली पंधरा वर्षे मला ठाऊक नव्हते. रात्री दिवा घेऊन रुग्णांमधून फिरत, एवढेच पाठ्यपुस्तकातले ज्ञान. त्यापुढे जाण्याची गरज वाटली ती एका वाईट रात्रीमुळे.

१९८९ चा पावसाळा. गॅस्ट्रोची साथ होती. चाळीस खाटांच्या वॉर्डात एकसष्ट रुग्ण. एकवीस जण खाली गाद्यांवर. तेवीस जणांना सलाईन चालू. रात्री नऊपासून सकाळी सातपर्यंत मी एकटी. सोबतीला दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आणि एक मावशी. रुग्णांमध्ये पासष्टीचे एक आजोबा होते. त्यांचे हृदय कमकुवत, म्हणून डॉक्टरांनी सलाईन अगदी हळू द्यायला सांगितली होती. मी थेंब मोजून नळीची चाकी बसवली आणि पुढच्या गादीकडे वळले. आजोबांच्या उशाशी नातू बसला होता. बाटली लवकर संपली तर आजोबा लवकर बरे होतील, असे त्या भाबड्या पोराला वाटले. त्याने चाकी सैल केली. मी फिरून त्यांच्यापाशी पोचले तेव्हा पाऊण तास उलटला होता, बाटली रिकामी होती आणि आजोबांना धाप लागली होती. डॉक्टर धावत आले, इंजेक्शने झाली, ऑक्सिजन लावला. पहाटे आजोबा गेले.

पुढे चौकशी झाली. त्या रुग्णालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या काळी ते कुठलेही असू शकले असते. दर अर्ध्या तासाला थेंब का मोजले नाहीत, असे मला विचारण्यात आले. मी माफी लिहून दिली. तेवीस सलाईनचे थेंब दर अर्ध्या तासाला एका बाईला मोजता येतात का, हे मात्र कुणी विचारले नाही. खरे सांगायचे तर मीही स्वतःला विचारले नाही. आपण त्यागात कमी पडलो, एवढेच मनाने घेतले. पुढे काही महिने तसबिरीतल्या बाईंच्या नजरेला नजर देववेना. त्याच सुमारास नर्सिंग स्कूलच्या जुन्या कपाटात त्यांचे पुस्तक हाती लागले. आधी ते, मग त्यांचे चरित्र आणि नंतर जे जे मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले, की आपण भलत्याच बाईला हार घालत आलो आहोत.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० चा. आईवडील इंग्लंडमधले गडगंज श्रीमंत. इटलीच्या प्रवासात असताना मुलगी झाली, म्हणून जन्मगावाचे नावच तिला दिले. डर्बीशायरमध्ये एक घर, हॅम्पशायरमध्ये दुसरे. वडिलांनी मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. फ्लॉरेन्सचा ओढा मात्र गणिताकडे. इतर मुली कशिदा काढत त्या वयात ही आकड्यांचे तक्ते मांडी. सोळाव्या वर्षी, १८३७ मध्ये, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे असा तिला साक्षात्कार झाला. त्या वेळच्या इंग्लंडमध्ये रुग्णालयातली नर्स म्हणजे दारू पिणारी, अडाणी बाई, असा समज होता. खानदानी घरातली मुलगी तिथे जाणार म्हटल्यावर घरात काय झाले असेल, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आपल्याकडेही किती मुलींनी या शिक्षणासाठी घरी अबोला सोसला आहे.

घरचा विरोध मोडायला चौदा वर्षे गेली. १८५१ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या कायझरस्वर्थ या गावी तीन महिने शिक्षण घेतले. १८५३ च्या ऑगस्टमध्ये, तेहतीसाव्या वर्षी, लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या एका लहानशा रुग्णालयाचा कारभार त्यांच्याकडे आला. आजारी पडलेल्या, पण फारशी ऐपत नसलेल्या सुशिक्षित स्त्रियांसाठी ते होते.

इथे त्यांनी पहिल्यांदा काय केले ते वाचून मी पुस्तक बाजूला ठेवले आणि थोडा वेळ गप्प बसले. त्यांनी नर्सेसच्या पायांचा विचार केला. स्वयंपाकघर खाली, रुग्ण वरच्या मजल्यांवर. जेवणाचे तबक, गरम पाणी, सगळे नर्सने जिन्यावरून वाहायचे. खालून वर जेवण जाण्यासाठी त्यांनी लिफ्टची मागणी केली. गरम पाण्याचा नळ प्रत्येक मजल्यावर हवा म्हणून आग्रह धरला. रुग्णाने घंटा वाजवली की बोळातल्या फलकावर त्याच घंटेची झडप उघडून तशीच राहावी, म्हणजे कुणी बोलावले ते नर्सला दुरूनच कळेल, अशी योजना सुचवली. असे केले नाही तर नर्स म्हणजे नुसती पायांची जोडी होऊन बसते, असा त्यांचा मुद्दा होता. जिन्यावर गेलेला वेळ रुग्णाच्या वाट्यातून वजा होतो, हे त्यांनी पहिल्याच नोकरीत ओळखले होते. ममतेच्या भाषणात ही लिफ्ट मी कधी ऐकली नव्हती.

पुढच्याच वर्षी, १८५४ च्या ऑगस्टमध्ये, लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. नाइटिंगेलबाई मिडलसेक्स रुग्णालयात मदतीला गेल्या. आज अशा रुग्णाला आपण लगेच सलाईन लावतो. तेव्हा तसे करता येत नव्हते का? इथे थोडे मागे जायला हवे.

सलाईनचा शोध तोवर लागून बावीस वर्षे झाली होती. स्कॉटलंडमधल्या लीथ या बंदरगावी थॉमस लट्टा नावाचे डॉक्टर होते. १८३२ च्या साथीत त्यांनी कॉलऱ्याने मरणाला टेकलेल्या एका वृद्धेच्या हाताच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. अर्ध्या तासात सुमारे सहा पिंट, म्हणजे तीन लिटरहून अधिक पाणी गेले. बुडालेली नाडी परत आली, चेहऱ्यावर रंग आला, बाई बोलू लागली. रुग्ण वाचला असे समजून, थकलेले लट्टा तिला रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून विश्रांतीला गेले. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या. कुणी पुन्हा पाणी चढवले नाही. साडेपाच तासांत ती गेली. शिरेतून दिलेल्या पाण्याची ही पहिली नोंदलेली हकिगत, आणि तिच्यातच पुढची सगळी गोष्ट आहे. उपचार बरोबर होता. त्यावर लक्ष ठेवणारे माणूस जागेवर नव्हते. पुढच्याच वर्षी लट्टा वारले आणि ही पद्धत कित्येक वर्षे मागे पडली.

म्हणून नाइटिंगेलबाईंच्या काळात शिरेची वाट जवळजवळ बंदच होती. जे द्यायचे ते तोंडाने. त्यांच्या पुस्तकात याबद्दल एक फार व्यवहारी सूचना आहे. दर तीन तासांनी कपभर पातळ अन्न रुग्णाला टिकत नसेल तर दर तासाला मोठा चमचा द्या. तेही टिकेना, तर दर पाव तासाला एक लहान चमचा द्या. ही सूचना मी वाचली आणि मला आमच्या सलाईनचा थेंब आठवला. ही हाताने दिलेली सलाईनच होती. हिशेब करून पाहा. दहा तासांच्या रात्रीत एका रुग्णाला चाळीस चमचे. असे पाच रुग्ण असतील तर दोनशे चमचे. लिहायला सूचना एक ओळीची, पण ती पाळायला एक माणूस लागते. हे बाईंना पुरते ठाऊक होते, कारण त्या तेव्हा स्कुटारीहून परत आल्या होत्या.

क्रिमियाच्या युद्धात जखमी ब्रिटिश सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांतून लंडनला कळले आणि युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी नाइटिंगेलबाईंना पाठवायचे ठरवले. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी अडतीस जणींना घेऊन त्या निघाल्या: दहा कॅथलिक जोगिणी, चौदा अँग्लिकन पंथाच्या भगिनी आणि चौदा रुग्णालयांत काम केलेल्या नर्सेस. ४ नोव्हेंबरला त्या कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या स्कुटारीला पोचल्या. बराकीचे रुग्णालय केले होते. दुसऱ्याच दिवशी इन्करमनची लढाई झाली आणि जखमींचे तांडे येऊ लागले. हिवाळ्यात त्या एका इमारतीत दोन हजारांच्या वर रुग्ण होते. जखमांपेक्षा हगवण, ज्वर आणि कॉलरा यांनीच माणसे जास्त मरत होती.

तिथे बाईंनी आधी भांडी, चादरी आणि कपडे धुण्याची व्यवस्था लावली. शेजारी एक घर घेऊन मोठी चुलाणी बसवली आणि सैनिकांच्या बायकांना धुण्याचे काम दिले. पथ्याच्या जेवणासाठी वेगळी स्वयंपाकघरे उघडली. सेवेला असलेले शिपाई कामाला रुळले की त्यांना परत पलटणीत बोलावत. ते कायम वॉर्डातच राहिले पाहिजेत असा त्यांनी हट्ट धरला. आमच्याकडेही एखादी मुलगी सलाईन लावण्यात तरबेज झाली की तिची बदली होते. ते वाचताना मला हसू आले, आणि वाईटही वाटले.

डिसेंबरमध्ये मेरी स्टॅन्ले आणखी चाळीसवर स्त्रियांना घेऊन आल्या. कुणालाही वाटेल, बाईंना आनंद झाला असेल. त्या संतापल्या, राजीनाम्याची भाषा बोलल्या. नव्या आलेल्यांपैकी अनेकींना कामाचे शिक्षण नव्हते, राहायला जागा नव्हती, आणि त्यांच्यावर अधिकार कुणाचा हेही धड ठरले नव्हते. जास्त हात आले की काम हलके होते, हे अर्धेच खरे आहे. न शिकलेले दहा हात सांभाळायला एक शिकलेला हात गुंतून पडतो. एक विद्यार्थिनी दिली म्हणजे वॉर्डाला दुसरी नर्स मिळाली, असा हिशेब मांडणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

आणि तो दिवा? तो चित्रातल्यासारखा तेलाचा दिवा नव्हताच. तुर्की पद्धतीचा घडीचा कंदील होता. रात्री आठनंतर इतर स्त्रियांनी वॉर्डात थांबू नये असा बाईंचा नियम होता. रात्री शिपाई असत. बाई कंदील घेऊन फिरत त्यात माया होतीच, मरणाऱ्यांसाठी त्यांनी पत्रे लिहिली हेही खरे. पण दिवसा लावून दिलेली व्यवस्था रात्री चालते की नाही, याची पाहणीही त्या फेरीत होत असे. आमच्या भाषेत सांगायचे तर तो रात्रीचा राउंड होता.

एवढे करूनही माणसे मरतच होती. १८५५ च्या फेब्रुवारीत स्कुटारीतला मृत्यूचा आकडा शेकडा बेचाळीसवर गेला. मार्चमध्ये सरकारने आरोग्य आयोग पाठवला. इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, मेलेली जनावरे काढली, भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत आकडा शेकडा दोनच्या आसपास आला. या घसरणीचे मुख्य कारण स्वच्छता होती, हे बाईंना तेव्हा पुरते उमगले नव्हते. १८५६ मध्ये परत आल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञासोबत त्यांनी आकडे मांडले तेव्हा ते कळले. आपल्या डोळ्यांदेखत हजारो माणसे टाळता येण्याजोग्या कारणाने मेली, हे आकड्यांत वाचताना त्यांना काय वाटले असेल? दुसऱ्या कुणी ते तक्ते मिटून ठेवले असते, कारण जगभर त्यांची कीर्ती त्या रुग्णालयाच्या नावावर झाली होती. त्यांनी ते रंगीत चक्राकृती आलेख काढून मंत्र्यांपुढे ठेवले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने त्यांना सभासद करून घेतले. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

क्रिमियात जडलेल्या आजाराने पुढची कित्येक वर्षे त्या बहुतेक काळ अंथरुणाला खिळून होत्या. तिथूनच त्यांनी लिहिले. रुग्णालयांवरच्या पुस्तकात वॉर्डाचा नकाशा आहे: लांब सरळ दालन, दोन्ही बाजूंना खाटा, खिडक्या, तीसेक रुग्ण, आणि सिस्टरला सगळे दालन दिसेल अशी खोली. लहान लहान खोल्या केल्या तर तेवढ्याच रुग्णांना जास्त नर्सेस लागतात, हा खर्चाचा हिशेबही त्यांनी मांडला. ब्रिटिश काळात बांधलेल्या आपल्या अनेक रुग्णालयांत असे दालन आजही दिसते. त्यात मी आयुष्य काढले, पण ते एका नजरेत किती रुग्ण मावतात याचे गणित आहे, हे माहीत नव्हते. त्या दालनात एकसष्ट रुग्ण घातले की ते गणित मोडते.

१८५९ च्या अखेरीस छापलेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या छोट्या पुस्तकात कारभारावर एक प्रकरण आहे. त्याचा गाभा असा: सगळे स्वतः करणे म्हणजे जबाबदारी घेणे नव्हे. मी तिथे असताना जे होते, ते मी नसतानाही होईल अशी तजवीज करणे ही खरी जबाबदारी. लट्टांच्या रुग्णाला जे मिळाले नाही ते हेच. आमच्या आजोबांनाही.

लोकांनी कृतज्ञतेने जमवलेल्या सुमारे पंचेचाळीस हजार पौंडांच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा सुरू झाली. नर्सला झोपायला स्वतःची खोली, नीट जेवण, सुटी, पगार, म्हातारपणाची सोय या गोष्टी त्यांनी बारकाईने लिहून ठेवल्या आहेत. पण कागद आणि वॉर्ड यांत अंतर पडले. दहा-बारा वर्षांनी त्यांनी स्वतः शाळेत लक्ष घातले तेव्हा दिसले, की शिकायला आलेल्या मुलींना रुग्णालय स्वस्त मजूर म्हणून वापरत होते. मग त्यांनी शिकवण्याची घडी नव्याने बसवायला घेतली.

सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट ॲग्नेस जोन्स हिची. सेंट थॉमसमध्ये शिकलेली ही बाईंची लाडकी विद्यार्थिनी. लिव्हरपूलमध्ये निराधारांच्या कोठीला जोडून मोठे रुग्णालय होते. हजाराच्या वर रुग्ण. तिथली शुश्रूषा त्याच कोठीतल्या गरीब बायका करत. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने पैसे दिले आणि १८६५ मध्ये ॲग्नेस बारा शिकलेल्या नर्सेस घेऊन तिथे गेली. कोठीतल्याच बायकांना शिकवून मदतीला घेण्याचा प्रयोग फसला. दारूपायी बहुतेकींना काढावे लागले. ॲग्नेसने तरीही त्या नरकाचे रुग्णालय केले. १८६८ च्या फेब्रुवारीत, कामाने पिचलेल्या तिला टायफस झाला आणि पस्तिसाव्या वर्षी ती गेली. बाईंनी तिच्यावर लेख लिहिला. तिच्या त्यागाने भारावून नव्या मुलींनी पुढे यावे असे त्यात आवाहन होते. मला हा लेख वाचताना थोडे अवघडल्यासारखे झाले. पायऱ्या मोजणाऱ्या बाईही आपल्या माणसाच्या मरणापुढे त्यागाचीच भाषा बोलल्या.

दोष त्यांच्यात होतेच. सिडनी हर्बर्ट आजारी असतानाही त्यांनी त्यांना कामाला जुंपले. १८६१ मध्ये ते वारले. जंतूंचा सिद्धांत स्वीकारायला त्यांना फार वेळ लागला. नर्सेसची सरकारी नोंदणी व्हावी या मागणीला त्यांनी विरोध केला. आम्ही मेणबत्ती धरून म्हणतो ती शपथही त्यांची नव्हे. ती १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट येथे त्यांच्या नावाने रचली गेली.

हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. पण इथल्या लष्कराच्या आरोग्याची चौकशी झाली तेव्हा मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांतल्या छावण्यांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन त्यांनी अंथरुणावर त्यांचा अभ्यास केला. १८६३ च्या त्या अहवालात इथल्या गोऱ्या सैनिकांचा मृत्यूदर हजारी एकोणसत्तर निघाला. पुढे गावांचे पाणी, दुष्काळ, कुळांचे हाल हे त्यांचे विषय झाले. दादाभाई नौरोजींशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मिळाली तेव्हा त्यांची दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्या गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीतले दफन घरच्यांनी नाकारले. गावच्या स्मशानातल्या त्यांच्या दगडावर नावाची दोन अक्षरे आणि सालेच आहेत. नर्स तक्त्यावर काम केल्याची सही करते ना, तशी ती दोन अक्षरे.

त्यांच्या मागून सलाईन परत आली आणि हळूहळू नर्सच्या हाती आली. १९४० मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने अडा प्लमर या नर्सकडे केवळ हेच काम सोपवले. असे वेगळे पथक सर्वांना परवडत नाही. पण काम मोजता तर येते? मी ते १९९० मध्ये, बाईंचे पुस्तक मिटल्यावर, पहिल्यांदा केले.

पाचशे मिलिलिटरची बाटली, वीस थेंबांचा एक मिलिलिटर; म्हणजे दहा हजार थेंब. चार तासांत द्यायची तर मिनिटाला बेचाळीस, सहा तासांत द्यायची तर अठ्ठावीस. थेंब नीट मोजायचे तर घड्याळाचे पूर्ण मिनिट हवे. तेवीस सलाईन, दर अर्ध्या तासाला. म्हणजे तासातली सेहेचाळीस मिनिटे मी नुसती थेंबांकडे बघत उभी राहायला हवी होते. उरलेल्या चौदा मिनिटांत एकसष्ट रुग्णांची औषधे, नवे दाखले, सुजलेले हात पाहून बदललेल्या सुया, उलट्या, लघवीची मोजणी आणि नोंदी. मी ते दोनदा तपासून पाहिले. मग कागद घडी करून ठेवला आणि खूप दिवसांनी रडले. दोष माझा नव्हताच असे मी आजही म्हणणार नाही. आजोबा धोक्याचे होते, त्यांना मी टेबलाजवळ ठेवायला हवे होते. पण जे मागितले गेले ते एका बाईच्याने होणारे नव्हते.

परिसेविका झाल्यावर मी हिशेबाची वही घातली. रोज रात्री रुग्ण किती, सलाईन किती, नर्सेस किती. सलाईनचे रुग्ण वॉर्डभर विखुरलेले असत, ते टेबलाजवळ आणले. त्यात हृदयाचे, मूत्रपिंडाचे आणि लहान मुले सर्वांत पुढे. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून तासातासाच्या रेघा मारल्या, म्हणजे पाणी पुढे पळाले की दुरूनच दिसे. चाकीला हात लावू नये, हे प्रत्येक नातेवाइकाला पहिल्यांदाच समजावून सांगायचे, असा नियम केला. दोन पावसाळ्यांची वही अधिसेविकांपुढे ठेवली. तिसऱ्या पावसाळ्यापासून रात्री दुसरी नर्स मिळू लागली. तेवढे चार महिनेच, पण मिळाली.

आता याबद्दल भक्कम पुरावा आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास छापला. एका नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये नर्सेसच्या प्रमाणाचा कायदा केला आणि २००४ पासून तो अमलात आणला. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेनेही शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असा निकष घालून दिला. तो निकष आणि प्रत्यक्ष वॉर्ड यांतले अंतर ज्याने एक रात्र सरकारी रुग्णालयात काढली आहे त्याला मी सांगायला नको.

निवृत्तीच्या वर्षी १२ मे रोजी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी वही घेऊन गेले आणि मागल्या पावसाळ्यातल्या दहा रात्रींचे आकडे वाचून दाखवले. टाळ्या फारशा झाल्या नाहीत. मागच्या रांगेतली रात्रपाळीची मुलगी मात्र पेंगायची थांबली होती.

वाचकांना एवढेच सांगणे. कधी आपल्या माणसाच्या उशाशी बसायची वेळ आली, तर सलाईनच्या चाकीला हात लावू नका. पाणी थांबले, हात सुजला किंवा धाप लागली तर लगेच सिस्टरला हाक मारा. आणि ती यायला उशीर झाला, तर रागावण्याआधी एकदा मान वर करून वॉर्डात टांगलेल्या बाटल्या मोजा. मग नर्सेस मोजा. जो आकडा येईल तो घेऊन रुग्णालयाच्या वरिष्ठांकडे जा आणि विचारा. नाइटिंगेलबाईंनी आयुष्यभर तेच केले.